झाळ की मोड?

चांदीच्या व्यवसायात तुटलेली वस्तू हा रोजचाच पाहुणा असतो. कुणाच्या पैंजणाची कडी निखळलेली असते, कुणाच्या वाळ्याला चीर गेलेली असते, कुणाचा कडदोरा मधोमध तुटलेला असतो. गादीवर बसलेला व्यापारी ती वस्तू हातात घेतो, उजेडात फिरवून पाहतो आणि गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो : झाळून देऊ, की मोडीत घेऊ?

या प्रश्नाचे उत्तर सहसा अवघड नसते, कारण चांदी पूर्णपणे वाया जात नाही. पैंजण मोडीत निघाले तर घडणावळ बुडते, धातू उरतो. टंच तपासावा, वजन करावे, त्या दिवसाचा भाव लावावा की हिशेब पुरा होतो. आटणीत गेलेली चांदी उद्या दुसऱ्या कुणाच्या पायात वाजते. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत द्रव्य आणि पर्याय समजावताना सोन्याच्या घटाचा दृष्टांत दिला आहे. घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि ज्याला केवळ सोने हवे आहे तो मध्यस्थ राहतो. सराफ पेढीवर बसणाऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. तो रोज त्याच्या तराजूत उतरत असतो.

मात्र आज घराघरांत अशा वस्तू वाढल्या आहेत, ज्यांना मोड नाही. कॅमेऱ्याची लेन्स ही त्यांतली एक. तिच्यात काचेची भिंगे असतात, धातूची आणि प्लॅस्टिकची वलये असतात, केसासारख्या बारीक तारा असतात आणि एखादी चिमुकली मोटर असते. हे सारे वितळवून हाती काहीच लागत नाही. लेन्सची किंमत तिच्या द्रव्यात नसते. भिंगे एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती सरळ बसवली आहेत, त्या नेमकेपणात असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर लेन्स म्हणजे निव्वळ घडणावळ. म्हणूनच ती पडली, की झाळ की मोड हा साधा प्रश्न एकाएकी कठीण होऊन बसतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, दूरदूरच्या व्यापाऱ्यांना परिचित आहे. तेथील एका जैन कुटुंबात हा प्रश्न भाद्रपदात उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे काम करणाऱ्या या घराचा माल परगावी जातो. पूर्वी नमुन्यांची पेटी घेऊन घरातला कर्ता पुरुष गावोगाव फिरत असे. आता नमुना आधी छायाचित्राच्या रूपाने व्यापाऱ्याच्या मोबाइलवर पोहोचतो, तेथून मागणी येते आणि मग माल निघतो. घुंगराची कड स्वच्छ आहे का, झाळ दिसते का, मीनाकाम कडेपर्यंत भरले आहे का, हे सारे त्या एका चित्रावरून पारखले जाते.

घराचे कर्ते पुरुष, ज्यांना सारे अण्णा म्हणत, यांनी २०११ मध्ये या कामासाठी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली. मॅक्रो म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यातील संवेदकावर उमटवू शकणारी लेन्स. मोबाइल जवळ नेला की त्याचीच सावली चांदीच्या चकाकत्या अंगावर पडते आणि जवळचा भाग फुगलेला दिसतो. मॅक्रो लेन्समुळे थोडे अंतर राखूनही बारीक काम टिपता येते आणि प्रकाश मनाजोगता पाडता येतो. अण्णांनी हे तंत्र स्वतः शिकून घेतले आणि पुढे थोरल्या सुनेला शिकवले. २०१८ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा हीच लेन्स त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला होती. अभिषेकाच्या धारेकडे मान उंचावून पाहणाऱ्या आपल्या वृद्ध आईचे एक छायाचित्र त्यांनी तेथे घेतले. आज आजीही नाहीत आणि अण्णाही नाहीत. ते छायाचित्र मात्र दिवाणखान्यात आहे.

दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते. दसरा-दिवाळीच्या मागण्यांसाठी नव्या नमुन्यांची छायाचित्रे घेणे चालू असताना घरातल्या लहान मुलाचा पाय दिव्याच्या वायरीत अडकला, तिपाई कलंडली आणि कॅमेरा फरशीवर आला. कॅमेरा वाचला. लेन्सचे पुढचे वलय चेपले आणि फोकसचे वलय अर्ध्यावर येऊन अडू लागले. समोरची काच शाबूत दिसत होती, म्हणून घरच्यांना पहिल्या क्षणी हायसे वाटले.

ते हायसे वाटणे फार काळ टिकले नाही. समोरच्या काचेवरचा ओरखडा डोळ्याला खुपतो, पण चित्रात बहुधा दिसतही नाही. मागच्या, म्हणजे संवेदकाजवळच्या काचेवरचा ओरखडा अधिक त्रास देतो. सर्वांत मोठा धोका बाहेरून दिसतच नाही : आतील एखादे भिंग किंचित तिरके होणे. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. छापील वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा तिपाईवर त्याच्याशी बरोबर समांतर ठेवावा, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडावे आणि छायाचित्र घेऊन चारही कोपऱ्यांतली अक्षरे ताडून पाहावीत. चारही कोपरे सारखे असतील, तर भिंगे जागेवर आहेत. सुनेने ही परीक्षा घेतली. डाव्या बाजूची अक्षरे रेखीव आली, उजव्या बाजूची पुसट. चेपलेल्या वलयाने सगळा धक्का सोसला नव्हता.

त्या रात्री जे बोलणे झाले, त्यात समंतभद्रांच्या दृष्टांतातली तिन्ही माणसे एका घरात भेटली. थोरल्या मुलाला वडिलांची लेन्स हवी होती. खर्च कितीही येवो, ती दुरुस्त झालीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. धाकट्याला नवी वस्तू हवी होती. तंत्र बदलले आहे, जुन्यात पैसा घालणे म्हणजे बुडत्या पेढीला उधार देणे, असे तो म्हणाला. आणि ज्या सुनेला ती लेन्स रोज हाताळायची होती, तिला वस्तू जुनी की नवी याच्याशी कर्तव्य नव्हते. तिला चित्र हवे होते. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. अडचण एवढीच, की तिघेही आपापली रक्कम एकाच खात्यात मांडत होते.

वादाला खरी धार होती ती घाईची. मागण्यांचे दिवस जवळ येत होते आणि घाईत घेतलेला निर्णय नेहमी महाग पडतो. सुनेने आधी घाई बाजूला केली. घरात ५० मिलिमीटरची एक साधी लेन्स होती. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी, कोल्हापुरातून अल्प किमतीत मिळाली. नळीमुळे लेन्स संवेदकापासून दूर जाते आणि अधिक जवळच्या वस्तूवर फोकस करू शकते. या जोडणीने दागिन्याच्या अगदी जवळ जावे लागे, प्रकाश सांभाळताना कसरत होई, एका चित्राला दुप्पट वेळ लागे. पण काम अडले नाही. निकड गेल्यावर प्रश्न आपल्या खऱ्या आकाराला आला.

मग खाती वेगळी झाली. पहिले खाते कामाचे : या लेन्सकडून घराला नेमके काय हवे आहे? दुसरे पैशाचे : ते मिळवण्याचा योग्य खर्च किती? तिसरे आठवणीचे, आणि त्यात रुपये लिहायचे नाहीत, असे ठरले.

पैशाच्या खात्यात चौकशीअंती आकडे आले ते असे. एका सेवा केंद्राने करांसह १९,५०० रुपये सांगितले; बिघडलेला भाग सुटा न बदलता आतील संपूर्ण जोडणीच बदलण्याची त्यांची पद्धत होती. त्याच लेन्सचा चांगल्या स्थितीतला जुना नग बाजारात २३,००० रुपयांच्या आसपास होता. मुंबईच्या एका कारागिराने वस्तू पाहिल्यानंतर पक्के सांगेन, पण ९,००० च्या आत बसेल, असे कळवले. धाकट्याच्या मनातली नवी लेन्स घ्यायची, तर प्रश्न लेन्सपुरता राहत नव्हता. निकॉनची जुनी जोडणी १९५९ पासूनची आणि कॅननची १९८७ पासूनची; २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नव्या जोडण्या आणल्या. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर चालतात, पण नव्या जोडणीच्या लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत. म्हणजे नवी लेन्स घ्यायची, तर कॅमेराही नवा हवा. खर्च लाखाच्या पुढे जात होता.

येथे व्यापाऱ्याचा एक साधा नियम उपयोगी पडतो. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या मूळ खरेदीशी ताडून पाहू नये. ती रक्कम कधीच खर्ची पडलेली असते. तो ताडायचा तशाच चालू स्थितीतल्या वस्तूच्या आजच्या बाजारभावाशी. खर्च त्या भावाच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्तीचा विचार करावा, निम्म्याच्या बराच पुढे गेला तर बदलीचा. या मापाने सेवा केंद्राचा आकडा बाद झाला आणि मुंबईच्या कारागिराचा उरला. दुरुस्तीनंतर वर्तमानपत्राची तीच परीक्षा त्याच्यासमोर घ्यायची आणि चारही कोपरे जुळले तरच पैसे द्यायचे, हेही आधीच ठरले. चांगल्या कारागिराला अशी अट अपमानाची वाटत नाही.

मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजार हा कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी जुना ओळखीचा. तेथल्या एका माडीवर कारागिराने लेन्स उघडली, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी, की स्वयंचलित फोकसची मोटर धक्क्याने गेली होती आणि तिचा नवा सुटा भाग मिळण्यासारखा नव्हता. भिंग सरळ करता येईल, फोकसचे वलय एका निकामी लेन्समधून काढून बसवता येईल, मोटर मात्र होणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि आपला आकडा ५,५०० वर आणला. दुसरी गोष्ट घरच्यांना अनपेक्षित होती. आतल्या एका भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. ती बुरशी होती. तिचा पडण्याशी काहीही संबंध नव्हता. गेल्या काही पावसाळ्यांत लेन्स महिनोन्‌महिने लाकडी कपाटात, कापडी पिशवीत बंद राहिली होती. सत्तर टक्क्यांच्या आसपासची आणि त्याहून अधिक दमट हवा बुरशीला मानवते. आरंभी ती पुसून निघते; पुढे तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरचे पातळ लेपन खातात आणि तो डाग मग कोणत्याही कारागिराच्या हातून जात नाही. या भिंगावर ती वेळ अजून आली नव्हती.

सुनेने मुंबईहून फोनवर हे सांगितले, तेव्हा सासूबाई काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, “ती पुसायची म्हणजे जीवच की गं ते?”

हा प्रश्न भाबडा नव्हता. जैन परंपरा बुरशीला अनंतकाय मानते. एका कणात अनंत जीवांचे वास्तव्य सांगते. दुसरीकडे, गृहस्थाच्या जीवनात आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, हेही श्रावकाचार मान्य करतो. गृहस्थाने संकल्पपूर्वक हिंसा करू नये आणि उरलेली शक्य तितकी कमी करावी, असा त्याचा आग्रह आहे. सासूबाईंनी उत्तरासाठी कुणाची वाट पाहिली नाही. बुरशी तशीच ठेवली तर ती वाढतच जाणार, हे त्यांना स्वयंपाकघराने शिकवलेले होते. “पुसून घे,” त्या म्हणाल्या, “पण ती लागली कशी, ते आधी बघितलं पाहिजे. आपल्या घरात पिठाचे दिवस मोजतात. कपाटातल्या वस्तूचे कुणी मोजले नाहीत.”

पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात ही पिठाची मर्यादा त्या घरात काटेकोर पाळली जाते. दमट हवेत पिठात जीवोत्पत्ती लवकर होते, म्हणून पावसाळ्याची मर्यादा सर्वांत आखूड. हाच विचार काचेला लागू होतो, हे मात्र कुणाच्या ध्यानी आले नव्हते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या विचारात प्रमादाला जे मध्यवर्ती स्थान आहे, त्याचा अर्थ अशा वेळी पोथीबाहेर येऊन उभा राहतो. पुसणे हा शेवटचा क्षण होता. चूक त्याच्या फार आधी, कपाटाचे दार लावताना होऊन गेली होती. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी एकाशन केले आणि त्याबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत.

आता कामाच्या खात्याने निकाल दिला. स्वयंचलित फोकस नसलेली लेन्स अपुरी, हे खरे; पण अपुरी कोणत्या कामासाठी? दागिन्याच्या इतक्या जवळून चित्र घेताना स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरचाच असतो आणि तो नेमका कुठे पडावा हे छायाचित्रकाराला हातानेच ठरवावे लागते. सून वर्षानुवर्षे हातानेच फोकस करीत आली होती. यात्रेत, लग्नात, पळत्या मुलांच्या मागे ही लेन्स यापुढे चालणार नव्हती. चांदीसाठी ती पूर्ण होती. म्हणून वस्तू पहिल्यासारखी करण्याचा हट्ट सोडून कामापुरती दुरुस्ती करायची, असे ठरले. थोरल्याला हे पटायला वेळ लागला. अर्धी लेन्स म्हणजे अण्णांची आठवणही अर्धी, असे काहीसे त्याला वाटत होते. “अण्णांनी ती कपाटात ठेवायला घेतली नव्हती,” सासूबाई म्हणाल्या, “पैंजण टिपायला घेतली होती.” तिसऱ्या खात्यात एवढीच एक नोंद झाली.

दुरुस्ती होऊन लेन्स परत आली. वर्तमानपत्राचे चारही कोपरे जुळले. याच सुमारास धाकट्याच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्सही बाहेर काढण्यात आली. तिची प्लॅस्टिकची जोडणी पूर्वीच तुटली होती. तिच्या दुरुस्तीची मजुरी आणि तशाच जुन्या चालू लेन्सची किंमत जवळजवळ सारखीच निघाली. तेथे कुणी वाद घातला नाही. ती कारागिराला सुट्या भागांसाठी देऊन टाकली आणि तिच्या जागी वापरलेली दुसरी घेतली. तुटलेले प्रत्येक भांडे झाळत बसणे हा विवेक नव्हे. मागचे भिंग फुटले असेल, बुरशीने लेपन खाल्ले असेल किंवा तोच बिघाड दुरुस्तीनंतर पुन्हा उद्भवला असेल, तर वस्तूला निरोप देणेच शहाणपणाचे. आणि निरोप देताना ती कचऱ्यात न टाकता कारागिराकडे गेली, तर जिला मोड नाही असे वाटत होते त्या लेन्सलाही एक मोड सापडते : तिचे एखादे वलय दुसऱ्या लेन्समध्ये फिरू लागते. या घराच्या लेन्समध्ये आज जे वलय फिरते, तेही अशाच एका निकामी लेन्समधून आलेले आहे.

घरात आता झाकण घट्ट बसणारा एक प्लॅस्टिकचा डबा आला आहे. त्यात आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आणि सिलिका जेलच्या पुड्या आहेत. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहावा, एवढेच पाहायचे. पुडीतले दाणे रंग बदलू लागले, की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. डब्याच्या झाकणावर पुड्या तापवल्याची तारीख लिहिलेली असते आणि पावसाळ्यात ती तारीख सासूबाई स्वतः पाहतात. या साऱ्याचा खर्च दुरुस्तीच्या खर्चापुढे नगण्य आहे.

साधूंसाठी सांगितलेल्या पाच समित्यांत आदान-निक्षेपण ही एक समिती आहे : वस्तू उचलताना आणि ठेवताना सावध असणे. मुनी मोरपिसांच्या पिच्छीने जागा परिमार्जित करून मगच शास्त्र वा कमंडलू खाली ठेवतात. त्यात जीवरक्षा हा हेतू आहे. वस्तूची रक्षा आपोआप होते. गृहस्थाला ती समिती तशी बांधील नाही, पण ती त्याला परकीही असू नये. वायर पायात येणार नाही अशी टाकणे आणि काम संपल्यावर लेन्स कोरडी करून ठेवणे, ही तिचीच घरगुती रूपे आहेत.

परिग्रह-परिमाण घेताना श्रावक आकडा ठरवतो : इतके वस्त्र, इतके पात्र, इतके धन. आकडा पाळणे तसे कठीण नाही. वर्षातून दोनदा जुनी वस्तू टाकून नवी घेतली, तरी संख्या एकच राहते आणि व्रत कागदावर अभंग दिसते. पण त्या एका आकड्याखालून दहा वर्षांत वीस वस्तू येऊन गेल्या, तर मर्यादा घातली कशाला, हा प्रश्न उरतोच. परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून मूर्च्छेत आहे, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. आणि मूर्च्छा दोन्ही दारांनी येते. ती नव्याच्या ओढीने येते, तशी जुन्याला कवटाळूनही येते. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. पण जो व्यापारी रोज तराजूचा काटा मध्यावर येण्याची वाट पाहतो, त्याला ती अनोळखी नसावी.